गदा आणि जमाखर्च : हगाम्यातल्या कुस्तीचे न लिहिलेले पान

१

आमच्या भागात लग्नपत्रिका हाती आली की निमंत्रकांच्या यादीत काही नावांच्या आधी ‘पै.’ असे छापलेले दिसते. ‘ह.भ.प.’ म्हटले की वारकरी किंवा कीर्तनकार, तसे ‘पै.’ म्हटले की पैलवान. ही पदवी कोणतीही संस्था देत नाही. गावाने ती एकदा मान्य केली की ती माणसाच्या नावाला आयुष्यभर चिकटते.

माझ्या थोरल्या मामांच्या नावाआधी ती होती. तिसगाव-पाथर्डी परिसरातल्या यात्रांमध्ये उमेदीची वीसेक वर्षे त्यांनी कुस्त्या धरल्या. ते गेले तेव्हा दहाव्याच्या आदल्या दिवशी मामेभाऊ माझ्याकडे आला. ‘दादा, तुम्ही लिहिता-वाचता. अण्णांवर चार ओळी द्या, फ्लेक्सवर टाकू,’ म्हणाला. मी कागद घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आले की माझ्याकडे लिहायला काहीच नाही. कोणत्या गावी, कोणत्या साली, कोणाबरोबर, किती रुपयांवर, काय निकाल लागला? घरात एक फेटा होता आणि भिंतीवर एक धूसर फोटो होता. मामांच्या तालमीतले एक वृद्ध सोबती भेटले. त्यांना एकच कुस्ती नीट आठवत होती, आणि ती बरोबरीत सुटलेली होती. शेवटी फ्लेक्सवर ‘परिसरातील नामांकित पैलवान’ एवढेच आले.

गेली काही वर्षे मी यात्रांची हँडबिले, जमाखर्चाचे कागद आणि कुस्तीवरची मराठी पुस्तके जमवतो आहे, त्याची सुरुवात त्या रात्री झाली. मी कुस्तीतला जाणकार नाही आणि विद्यापीठातला अभ्यासकही नाही. परंतु जे वाचले आणि जे पाहिले त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. मराठीत कुस्तीविषयी थोडे लिहिले गेले आहे असे नाही. पण जे लिहिले गेले ते गदेचे वाङ्मय आहे. ज्या खालच्या थरातून ती गदा वर येते, त्या गावोगावच्या हगाम्याला या वाङ्मयात पार्श्वभूमीपलीकडे जागा नाही.

२

आधी शब्दाचा विचार करू. कोल्हापूर-सांगलीकडे कुस्त्यांचे ‘मैदान’ भरते, उत्तरेत ‘दंगल’ होते, आमच्या नगर भागात यात्रेला ‘हगामा’ असतो. फारसीत ‘हंगाम’ म्हणजे काळ, वेळ, ऋतू आणि ‘हंगामा’ म्हणजे जमाव, गलबला. मराठीने दोन्ही शब्द घेतले. पहिला शेतीत रुळला आणि दुसरा अनुस्वार गाळून आमच्याकडे कुस्तीच्या मातीत उतरला. म्हणजे ‘हंगाम’ आणि ‘हगामा’ हे एकाच घरचे शब्द आहेत. ही केवळ भाषेतली गंमत समजू नये. हगामा ही एकेकटी घटना नव्हे, ती एका हंगामाचा भाग असते, हे त्या शब्दातच आहे.

आमच्याकडचा हा हंगाम शेतीपेक्षाही उसाशी बांधलेला आहे. पाथर्डी, शेवगाव आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा ऊसतोड कामगारांचा टापू. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे राहतात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की माणसे परततात, गावे भरतात, आणि त्याच सुमारास यात्रा सुरू होतात. होळीपासून मढीला कानिफनाथांची यात्रा असते, रंगपंचमी हा तिचा मोठा दिवस. पुढे पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, अक्षय तृतीया असे करत गावोगावचे देव पालखीत बसतात. पावसाची चाहूल लागली की हंगाम संपतो. यात्रेचा क्रमही ठरलेला असतो. पहिल्या दिवशी शेरणी आणि रात्री छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा जंगी हगामा.

हा हंगाम चुकण्याची कारणेही ठरलेली आहेत. दुष्काळी सालात वर्गणी जमत नाही, तेव्हा आधी तमाशा रद्द होतो आणि मग कुस्त्यांच्या इनामाला कात्री लागते. २०२० आणि २०२१ ही दोन साले तर यात्राच भरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत अठरा-एकोणीस वर्षांच्या ज्या मुलांचे बहराचे हंगाम गेले, त्यांतली कित्येक पुन्हा तालमीकडे वळली नाहीत. त्यांची कोठे नोंद नाही, कारण हंगामाचीच नोंद नाही.

३

आता गदेच्या वाङ्मयाकडे येऊ. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू केली. त्याआधी १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले होते, आणि त्याही आधी १९५२ मध्ये खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले होते. आपले कुस्तीलेखन या तीन शिखरांभोवती फिरते. चरित्रे, गौरवग्रंथ, वृत्तपत्रांतले विशेष लेख, मानकऱ्यांच्या सालवार याद्या. या लेखनाचे मोल मी कमी लेखत नाही. ते नसते तर खाशाबांसारख्या माणसाला, ज्यांना अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर मिळाला, आपण कधीच विसरलो असतो.

पण या चरित्रांची घडण पाहावी. गरिबीतले घर, कुस्तीवेडा बाप किंवा चुलता, गावची तालीम, यात्रेतल्या लहानसहान कुस्त्या, मोठ्या वस्तादाची नजर पडणे, कोल्हापूर किंवा पुण्याची तालीम, आणि मग गदा. या मांडणीत यात्रेतल्या कुस्त्या एखाद्या परिच्छेदात आटोपतात. लेखक सांगतो की नायकाने लहान वयातच पंचक्रोशीतली मैदाने गाजवली. त्या वाक्यातले ‘गाजवली’ हे क्रियापद मला खटकते. प्रत्येक कुस्तीत दोन जण असतात. नायकाने मैदान गाजवले तेव्हा समोर जो कोणी होता, त्याचे नाव चरित्रकाराला लागत नाही. नायक तरी त्या मैदानांत कधी हरला नसेल का? हरलाच असणार, त्याशिवाय तो शिकला नसता. पण वर चढत जाणाऱ्या कथेला मधल्या हारी अडचणीच्या असतात. चरित्राला चढण लागते. हंगाम हा मुळात चढण नव्हे, तो चढउतार आहे. मंगळवारी हरलेला मुलगा गुरुवारी दुसऱ्या गावी जिंकतो आणि रविवारी त्याची कुस्ती सुटते.

दुसरा प्रकार शास्त्रीय लेखनाचा. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ हे मराठीतले केवढे तरी काम आहे. डावपेच, पकडी, तोडी यांचे वर्णन करण्याची मराठी भाषेची ताकद त्यात दिसते. पण कोशातली कुस्ती कोणाचीच नसते. तिथे ढाक असते, पण ती कोणी, कोणाला, कोठे मारली हे नसते. कोशाकडून ती अपेक्षा करणेही बरोबर नाही.

तिसरा प्रकार समाजशास्त्रीय. जोसेफ ऑल्टर यांचे ‘द रेसलर्स बॉडी’ हे १९९२ चे इंग्रजी पुस्तक बनारसच्या आखाड्यांवर आहे. पैलवानाचा आहार, ब्रह्मचर्य, माती, गुरू आणि या सगळ्यांतून घडणारी एक जीवनदृष्टी यांचा त्यांनी केलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. परंतु त्यांचा जीव आखाड्यात आहे. दंगलीला एक प्रकरण मिळते, बाकी पुस्तक रोजच्या साधनेचे आहे. आमच्याकडच्या पोरांचे उलट आहे. त्यांच्यापैकी अनेकांना बारा महिने साधना परवडत नाही. दूध, बदाम, तूप यांचा खर्च घरातून निघत नाही. तो हगाम्याच्या इनामातून निघेल या आशेवर चालतो, आणि बहुधा निघत नाही. त्यांच्यासाठी कुस्ती ही जीवनदृष्टी आहे की नाही ठाऊक नाही. ती अडीच महिन्यांचा हंगाम आहे एवढे नक्की.

या बाबतीत आपले जुने ग्रंथ अधिक मोकळे होते असे वाटते. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचा भाग आहे. त्यात मल्लांच्या प्रती सांगितल्या आहेत : ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक आणि गोवल. राजाच्या करमणुकीसाठी लिहिलेल्या ग्रंथातही खालच्या प्रतीच्या मल्लाला स्वतःचे नाव आहे. आपल्याकडे केसरी आहे, उपकेसरी आहे, त्याखालच्या पैलवानाला वर्गवाचक शब्दच नाही.

४

२०२५ चे साल या दृष्टीने बोलके ठरले. जानेवारीच्या अखेरीस महाराष्ट्र केसरी स्पर्धा आमच्याच जिल्ह्यात, अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झाल्या. २ फेब्रुवारीला पृथ्वीराज मोहोळ विजेते ठरले. त्या दिवशी पंचांच्या निर्णयावरून जो गोंधळ झाला आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली, ते वाचकांना आठवत असेल. पाठ टेकली की नाही, यावर कित्येक दिवस रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्यानंतर दीड महिन्याने मढीची रंगपंचमी झाली आणि त्याच जिल्ह्यातला हगाम्यांचा हंगाम सुरू झाला. त्यात किती पाठी टेकल्या यावर कोठे एक ओळ आली नाही.

त्या हंगामात जमेल तेवढ्या हगाम्यांना मी गेलो. नांगरून, ढेकळे फोडून, पाणी मारून तयार केलेली माती. भोवती बसलेले लोक, झाडावर पोरे, एका बाजूला हलगी. सुरुवात लहानग्यांच्या कुस्त्यांनी होते. पूर्वी या रेवड्यांवर लागत, म्हणून अजूनही त्यांना रेवडीच्या कुस्त्या म्हणतात. हल्ली दहा-वीस रुपये हातावर ठेवतात. मग पन्नास, शंभर, दोनशे असे इनाम चढत जाते. वजनकाटा नसतो. पोरे हात वर करून मैदानात फिरतात, पंच दोघांना शेजारी उभे करतात, खांदे आणि मांड्या नजरेने मापतात आणि जोड लावतात. जोड पसंत नसेल तर वस्ताद मान हलवतो, आणि ते कोणी मनावर घेत नाही. माझ्या मते हगाम्यातली खरी विद्या ही आहे. चुकीची जोड लागली तर कुस्ती अर्ध्या मिनिटात संपते आणि लोक पंचांना नावे ठेवतात. जोड जमली की हलगी आपोआप चढते.

एका मुलाला मी हंगामभर पाहिले. वय एकोणीस, आईवडील ऊसतोडीला, हा आजीजवळ राहून तालमीत जाणारा. पहिल्या गावी दोनशेच्या कुस्तीत त्याने एकेरी पट काढून समोरच्याला चीत केले. आठवड्याने पाचशेच्या कुस्तीत घिस्स्यावर तो स्वतःच आस्मान पाहून बसला. ती कुस्ती एवढ्या लवकर झाली की मी चष्मा पुसत होतो आणि माझी ती हुकली. हनुमान जयंतीच्या सुमारास हजाराच्या कुस्तीत तो आणि त्याच्याहून वजनदार एक गडी बराच वेळ खडाखडी करत राहिले. एकदा हा खाली गेला, पण पालथाच राहिला, उलटला नाही. पंचांनी वेळ पाहिली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली. त्या दिवशी त्याचे आईवडील नुकतेच कारखान्यावरून आले होते. बाप कडेला उभा होता. मुलगा अंगावरची माती झटकत आला तेव्हा बापाने विचारले, ‘काय झालं रं?’

‘सुटली.’

‘मग पैशे?’

‘अर्धे.’

बापाने मान डोलावली आणि दोघे रसवंतीकडे गेले. त्या मुलाच्या हंगामाची मिळून नोंद एवढीच : एक जिंकली, एक हरली, एक सुटली, आणि मी पाहिल्या नाहीत अशा आणखी काही. मे महिन्यात त्या वर्षी पाऊस फार लवकर आला आणि शेवटच्या काही गावांची माती चिखल होऊन गेली.

५

हगाम्याला वाङ्मय नाही असे मी म्हटले, ते अर्धेच खरे आहे. हगाम्याचे स्वतःचे तीन मजकूर असतात आणि टीकाकाराने ते वाचले पाहिजेत.

पहिला मजकूर हँडबिलाचा. वर देवाचा फोटो, त्याखाली ‘यात्रोत्सव’, मग पुढाऱ्यांची छायाचित्रे, कार्यक्रमपत्रिका आणि तळाशी ‘समस्त ग्रामस्थ’. ज्या हँडबिलांवर कुस्त्या आधीच ठरलेल्या असतात तिथे वरच्या दोन-तीन जोड्यांची नावे, गावे आणि इनाम छापतात. बाकीच्यांसाठी पैलवान व कुस्तीशौकिनांनी उपस्थित राहावे, एवढे सरसकट आवाहन. माझ्याजवळची हँडबिले एकापुढे एक मांडली तर जुन्या एकरंगी कागदांवर मजकूर जास्त आणि चेहरे नाहीत, नव्या रंगीत कागदांवर चेहरे जास्त आणि पैलवान कमी. एक बदल मात्र चांगला आहे. अलीकडच्या काही हँडबिलांवर मुलींच्या कुस्त्यांचा वेगळा उल्लेख येऊ लागला आहे. जुन्या कागदांवर तो शोधूनही सापडत नाही.

दुसरा मजकूर भोंग्यावरचा. मराठीत ‘समालोचन’ हा शब्द ग्रंथासाठी वापरतात आणि मैदानासाठीही. कोथळीचे शंकर पुजारी यांच्यासारखे मोठ्या मैदानांचे निवेदक बोलू लागले की पैलवानाचे गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या आधीच्या कुस्त्या हे सारे ऐकायला मिळते. ती मौखिक टीकाच असते. लहान हगाम्याला असा निवेदक परवडत नाही. तिथे माईक गावातल्या एखाद्या गुरुजींच्या किंवा माजी सदस्यांच्या हातात असतो आणि त्यांच्यापुढे दोन कामे असतात. मातीत एक जण मोळी बांधत असतो आणि भोंग्यावर अमुक अण्णांकडून कुस्तीला एकशे एक रुपये वाढवल्याचे जाहीर होत असते. कुस्ती निकाली झाली की विजेत्याचे नाव विचारले जाते. ते बहुधा गावाच्या नावावर थांबते. ‘अमक्या गावच्या पैलवानाने कुस्ती मारली’, एवढेच ऐकू येते.

तिसरा मजकूर पावतीपुस्तकाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यात्रेची वर्गणी घरटी गोळा होते, पावती फाडली जाते, आणि यात्रा झाल्यावर देवळापुढे जमाखर्च वाचून दाखवला जातो. काही गावांत तो फळ्यावर लिहितात. कोणी किती दिले, मंडपाला किती, तमाशाला किती, शोभेच्या दारूला किती, सगळे पै-पैशानिशी. त्यात एक ओळ असते : ‘कुस्त्या’, आणि पुढे एक रक्कम. त्या एका ओळीत शंभराच्या वर मुलांची दुपार मावलेली असते. गावाला लिहिता येत नाही किंवा नोंदी ठेवायची सवय नाही, असा दावा यानंतर कोणी करू नये. वर्गणी देणाऱ्याची नोंद आहे. कुस्ती धरणाऱ्याची नाही. हलगीवाल्याचीही नाही. ज्याच्या हातावर सगळ्या मैदानाचा ताल चढतो-उतरतो, तो जमाखर्चात ‘वाजंत्री’ या शब्दात जातो, आणि पिढ्यान्‌पिढ्या हलगी वाजवणारी घरे कोणत्या समाजाची आहेत हे ज्याला माहीत आहे, त्याला ही गाळणूक अपघाती वाटणार नाही. मातीत जातपात नसते असे आपण अभिमानाने म्हणतो. मातीपुरते ते बरेचसे खरेही आहे. कागदावर मात्र आहे.

६

इथे एका दूरच्या उदाहरणाचा उपयोग होईल. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा मोठा खेळ आहे. आपल्या फुटबॉलपेक्षा तो वेगळा, अंडाकृती चेंडूचा आणि अंगावर चिलखतासारखी साधने घालून खेळायचा. पहिला सामना १८६९ मध्ये रट्गर्स आणि प्रिन्स्टन या महाविद्यालयांत झाला. १९७३ पासून तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने तीन श्रेणी केल्या. तिसऱ्या श्रेणीत खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. मुले शिकायला येतात, शनिवारी खेळतात, आणि त्यातला एखादाच पुढे व्यावसायिक खेळाडू होतो. म्हणजे हा त्यांचा हगामा. तोही दोन-अडीच महिन्यांचा, शरद ऋतूतला.

फरक असा की त्यांच्या या खालच्या श्रेणीची वही आहे. लहानशा गावातल्या महाविद्यालयाच्या संघाने शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या हंगामात कोणाला हरवले, कोणाकडून हार खाल्ली, किती गुणांनी, हे त्यांच्या वार्षिकांकांतून आणि विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांतून शोधता येते. जो संघ काहीच जिंकला नाही त्याचाही हंगाम लिहिलेला असतो. आणि तो लिहिण्याची रीत लक्ष देण्याजोगी आहे : जिंकलेले, हरलेले आणि बरोबरीत सुटलेले, असे तीन आकडे शेजारी शेजारी. १९९६ पासून वरच्या श्रेणीत जादा डाव खेळून निकाल लावायचा नियम आला आणि तिसरा आकडा नाहीसा झाला.

हे वाचताना मला आमची माती आठवली. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीतही आज बरोबरी नाही. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण समान झाले तर कोणाचा डाव अधिक मोलाचा, कोणाला ताकीद कमी, शेवटचा गुण कोणाचा, अशा पायऱ्यांनी विजेता काढलाच जातो. स्पर्धेला ते आवश्यक आहे, कारण पुढच्या फेरीत एकच जण जाऊ शकतो. पण हगाम्यात पुढची फेरीच नसते. त्यामुळे तिथे ‘सुटली’ हा पूर्ण, मानाचा निकाल आहे. दोघांनी एकमेकांना पुरे पडणे, हा त्याचा अर्थ. इनाम अर्धे-अर्धे होते, दोघांच्याही गावांची मान ताठ राहते. गदेच्या वाङ्मयात या निकालाला जागा नाही, कारण मानकऱ्यांच्या यादीत एका सालापुढे एकच नाव मावते. माझ्या मामांची एकमेव आठवलेली कुस्ती बरोबरीतली होती, याचे मला आधी वाईट वाटले होते. आता वाटते की त्या वृद्ध सोबत्याने नेमकी तीच लक्षात ठेवली याला कारण असावे. जिंकलेली कुस्ती जिंकणाऱ्याच्या गावची होते, सुटलेली दोन्ही गावांत सांगितली जाते.

७

यावर एक आक्षेप मला एका जुन्या वस्तादांनी घेतला, आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणाले, ‘मास्तर, हगाम्यात पोरगं हरतं आणि दुसऱ्या दिवशी विसरतं. तुम्ही वहीत लिहिलं की ते कायमचं हरलेलं राहील.’ (मी मास्तर नाही, पण वही हातात असली की आमच्याकडे माणूस मास्तर होतो.) खालच्या थराचे स्वातंत्र्य नोंद नसण्यातच आहे, असे त्यांचे म्हणणे. नोंद आली की क्रमवारी येते, क्रमवारी आली की जोड नजरेने लागत नाही, आणि नुरा कुस्त्यांचा धंदाही वाढतो, कारण लपवायला काही तरी मिळते.

हे म्हणणे मला पूर्णपणे खोडता येत नाही. म्हणून नोंद कसली असावी याचा नीट विचार केला पाहिजे. गुण नकोत, क्रमांक नकोत, हंगामाचा सर्वोत्तम पैलवान नको. गाव, तिथी, जोड, इनाम आणि निकाल, एवढे पुरे. आणि हरलेल्याचे नाव जिंकलेल्याच्या शेजारी, त्याच अक्षरात. तशा वहीत कोणी कायमचा हरलेला राहत नाही, कारण दोन पाने उलटली की तोच मुलगा दुसऱ्या गावी जिंकलेला सापडतो. माणसाला कायमचा हरवते ती अर्धी नोंद, जी फक्त विजेत्याचे नाव ठेवते. ज्यांची काहीच नोंद नाही त्यांना तर ती हरलेलेही म्हणत नाही.

याची साधने आपल्याकडे आजही आहेत. जमाखर्चाच्या वह्या अनेक गावांत देवस्थानच्या पेटीत पडून आहेत. इनाम वाटताना पंच जी चिठ्ठी करतात, ती यात्रा संपल्यावर फेकली जाते, ती राखता येईल. हल्ली पोरे मोबाइलवर कुस्त्या टिपतात, त्यांना तारीख आणि दोन नावे जोडून ठेवायला सांगता येईल. कुस्तीवर लिहिणाऱ्या चरित्रकारांनी नायकाच्या लहानपणच्या हगाम्यांत समोर कोण होते, हे शोधण्यात एक महिना घालवला, तर त्यांची पुस्तके दहा पानांनी वाढतील आणि कितीतरी खरी होतील. यासाठी विद्यापीठाची वाट पाहावी लागत नाही.

मी दोनशे पानी वही आणली आहे. गेल्या हंगामातल्या, मी स्वतः पाहिलेल्या कुस्त्या तीत उतरवल्या आहेत. ज्यांची नावे विचारायची राहिली त्यांच्यापुढे फक्त गाव लिहिले आहे. पहिल्या ओळीवर मात्र मामांची ती कुस्ती घेतली. जोड : मामा आणि शेजारच्या तालुक्यातला एक गडी. इनाम : सोबत्याच्या आठवणीप्रमाणे एकावन्न रुपये. निकाल : सुटली. तिथीची जागा मोकळी आहे. समोरच्या गड्याचे नावही मोकळे आहे. त्याच्या गावच्या देवस्थानची पेटी या चैत्रात उघडणार आहेत, तेव्हा मी जाऊन येईन.